अडलेली बाळंतीण आणि आपली मंडळी

(मंडळीच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. वाचकांसाठी इथे देत आहोत.)



आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो आपल्या चर्चमध्ये सहसा निघत नाही. बाळंतपणात बाईच्या शरीराला होणारी इजा, असा हा विषय आहे. समोर भाऊमंडळी आहेत, कॉलेजला जाणारी मुलं-मुली आहेत, काहींना अवघडल्यासारखं होईल. पण ज्या बायकांच्या वाट्याला हे दुखणं येतं, त्यांची वर्षानुवर्षं याच अवघडलेपणापायी जातात. कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत, आणि त्या सांगत नाहीत म्हणून कोणाला कळत नाही. तेव्हा थोडा वेळ लाज बाजूला ठेवू.

मी डॉक्टर नाही. सेमिनरीत ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आणि त्यानंतर पाड्यापाड्यांवर बायकांमध्ये काम करत आले. जे सांगणार आहे ते डॉक्टर आणि नर्स यांच्याकडून शिकलेलं, वाचलेलं आणि बायकांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

बाई अडते म्हणजे काय

आपल्या भाषेत ‘अडलेली बाळंतीण’ असा शब्द आहे. आपण तो सहज वापरतो, पण आत काय होतं ते फार कमी जणांना ठाऊक असतं.

कळा सुरू होतात, मूल खाली सरकू लागतं. पण कधी मूल आडवं असतं, कधी डोकं मोठं असतं, कधी आईच्या कंबरेच्या हाडांमधली वाट अरुंद असते. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल, लहानपणापासून अर्धपोटी वाढलेली असेल, तर ती वाट पुरती वाढलेलीच नसते. मूल मध्येच अडकतं. कळा मात्र थांबत नाहीत. प्रत्येक कळेसरशी मुलाचं डोकं आईच्या हाडावर दाबलं जातं, आणि डोकं आणि हाड यांच्या मध्ये सापडते लघवीची पिशवी. काही वेळा मागची शौचाची जागाही सापडते.

हा दाब तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस राहतो. दाबलेल्या भागाला रक्त मिळत नाही. बोटाला दोरा करकचून बांधून ठेवला तर बोट काळंनिळं पडतं, तसाच तो भाग आतून मरतो. मूल बहुतेक वेळा पोटातच दगावतं. बाई वाचली, तर काही दिवसांनी मेलेला भाग गळून पडतो आणि तिथे भोक राहतं. त्या भोकातून लघवी, काहींच्या बाबतीत शौचही, योनीवाटे सतत झिरपू लागते. बाईला ती रोखून धरता येत नाही. दिवसा नाही, झोपेत नाही.

याला डॉक्टर प्रसूतीजन्य फिस्टुला म्हणतात. आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की भगंदर आठवतं. हे दुखणं त्याहून वेगळं आहे. त्याच दाबामुळे काही बायकांच्या पायाच्या नसाही दुखावतात, पाऊल उचललं जात नाही आणि पाय ओढत चालावं लागतं.

आता त्या मुलीचा विचार करा. मूल गेलं. लुगडं सतत ओलं. मांड्यांना फोड आलेले. अंगाला वास येतो म्हणून नवरा दूर झोपतो, मग माहेरी पाठवतो, मग दुसरी करतो. माहेरचे गोठ्याशेजारी एक खोपटं बांधून देतात. लघवी कमी व्हावी म्हणून ती पाणी पिणं सोडते, त्याने लघवी जास्त दाहक होते, वास वाढतो आणि पिशवीत खडे होतात. हे सगळं वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरू होतं आणि उपचार मिळाले नाहीत तर मरेपर्यंत चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना ही इजा होते. त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे, आणि आपल्या दक्षिण आशियात आहेत.

दुखणं जुनं, पण आता फक्त गरिबाचं

इजिप्तमध्ये राजघराण्यातल्या एका स्त्रीची ममी सापडली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तिचा देह तपासला तेव्हा त्यात हीच इजा दिसली. म्हणजे एके काळी हे दुखणं राजवाड्यातही होतं.

१८५५ साली न्यूयॉर्क शहरात बायकांसाठी एक खास रुग्णालय उघडलं, ते मुख्यतः फिस्टुलाच्या रुग्णांसाठी. ते उघडणारे डॉक्टर मॅरियन सिम्स यांनी त्याआधी, १८४० च्या दशकात, अलाबामा राज्यात ही शस्त्रक्रिया बसवली होती. कोणावर? गुलामीत असलेल्या काळ्या स्त्रियांवर, भूल न देता. त्यांच्यापैकी तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली काढला गेला. आज ज्या ज्ञानाने बायका बऱ्या होतात, त्यात या तिघींच्या वेदना आहेत. आपण त्यांची नावं घेतलीच पाहिजेत.

आज न्यूयॉर्कमध्ये अशा रुग्णालयाची गरज उरलेली नाही. तिथल्या बायकांची हाडं बदलली का? नाही. तिथेही बाया अडतात. पण अडली की थोड्या वेळात सिझर होतं, आणि आई-मूल दोघंही घरी जातात. अडणं दोन्हीकडे सारखंच आहे. बाई किती तासांत सिझर होणाऱ्या दवाखान्यात पोहोचते, एवढाच फरक आहे. म्हणून मी म्हणते, हे दुखणं अंतराचं आणि गरिबीचं आहे.

अदिस अबाबाचं रुग्णालय

आता तुम्हाला इथिओपियात घेऊन जाते, कारण या कामाचा सगळ्यात मोठा धडा तिथे मिळतो.

कॅथरीन हॅम्लिन या सिडनीच्या डॉक्टर. त्यांचे पती रेजिनाल्ड न्यूझीलंडचे, तेही स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघंही श्रद्धावंत ख्रिस्ती. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबामध्ये, सुईणींसाठी शाळा सुरू करायला डॉक्टर हवेत अशी जाहिरात त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात वाचली. १९५९ साली सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ते तिथे गेले. करार तीन वर्षांचा होता. रेजिनाल्ड १९९३ साली वारले. कॅथरीन मार्च २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, तिथेच वारल्या.

तिथे जाण्याआधी त्यांनी फिस्टुलाचा एकही रुग्ण पाहिला नव्हता. अदिस अबाबात मात्र अशा बायका दारात येऊन बसायच्या. कोणी दिवसेंदिवस चालत आलेली, कोणाला बसमधून वासामुळे उतरवून दिलेलं. दोघांनी जुनी पुस्तकं वाचून, दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांना विचारून ही शस्त्रक्रिया शिकून घेतली. पुढे १९७४ साली फक्त याच रुग्णांसाठी अदिस अबाबा फिस्टुला रुग्णालय उभं राहिलं. त्याच वर्षी देशात क्रांती झाली, सम्राटाची सत्ता गेली, अनेक परदेशी माणसं निघून गेली. हे दोघं राहिले. आजवर त्यांच्या रुग्णालयांमध्ये ६० हजारांहून अधिक बायकांवर उपचार झाले आहेत, तेही एक पैसा न घेता.

या कामातली एक व्यक्ती मला फार महत्त्वाची वाटते. तिचं नाव मामितू गाशे. डोंगरातल्या एका खेड्यातली मुलगी, शाळेत कधी गेली नाही, लहानपणी लग्न झालं. पहिल्याच बाळंतपणात ती दिवसेंदिवस अडली, मूल गेलं आणि तिला ही इजा झाली. १९६२ साली हॅम्लिन पती-पत्नींनी तिच्यावर उपचार केले. ती रुग्णालयातच राहिली. आधी खाटा आवरायची, मग ऑपरेशनच्या वेळी हत्यारं हातात द्यायला लागली, मग डॉक्टर तिच्या हाताला धरून टाके घालायला शिकवू लागले. पुढे ती स्वतः शस्त्रक्रिया करू लागली, आणि शिकलेले डॉक्टर तिच्याकडून हे कसब शिकू लागले. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन यांच्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिलं.

आपण मदत करायला जातो तेव्हा समोरच्या बाईकडे ‘बिचारी’ म्हणून पाहण्याची सवय असते. मामितूकडे तसं पाहिलं असतं, तर एका कुशल शल्यचिकित्सकाला आपण मुकलो असतो.

मागून आलेली बाई

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई आहे. तुम्ही या उताऱ्यावर कितीतरी उपदेश ऐकले असतील. आज मी त्यातल्या फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधते. ती बाई मागून येते.

ती वैद्यांच्या हातून खूप सोसून, होतं नव्हतं ते खर्चून बसलेली आहे. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध आहे, तिने कोणाला शिवायचं नाही. म्हणून समोर येऊन मागायची सोय तिला नाही. गर्दीत, पाठीमागून, फक्त वस्त्राला हात. आणि ती बरी होते. तिचं काम झालं, ती गुपचूप निघून जाऊ शकत होती.

पण प्रभू थांबतो. तो याईराच्या घरी निघाला आहे, तिथे मुलगी मरायला टेकली आहे, एकेक क्षण मोलाचा आहे. तरी तो थांबतो आणि कोणी शिवलं असं विचारतो. ती थरथरत पुढे येते, सगळ्यांसमोर सगळं सांगते, आणि तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो.

शरीर तर आधीच बरं झालं होतं. मग सगळ्यांसमोर बोलावण्याची काय गरज होती? मला वाटतं, कारण बारा वर्षं जिला सगळ्यांनी दूर ठेवलं, तिला सगळ्यांसमोरच परत आत घ्यायला हवं होतं. भोक शिवलं म्हणजे बाई घरी परतली असं होत नाही.

अदिस अबाबाच्या रुग्णालयात बरी होऊन निघालेल्या बाईला नवा पोशाख आणि घरी जाण्याचं बसभाडं देण्याची रीत आहे. मला ही रीत औषधाइतकीच मोलाची वाटते. ज्या वाटेने ती तोंड लपवून आली, त्याच वाटेने नवं वस्त्र नेसून, सगळ्यांच्या शेजारी बसून ती परत जाते. आणि ज्यांची इजा पूर्ण दुरुस्त होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी शहराबाहेर देस्ता मेंदेर नावाची वसाहत उभारली. त्या नावाचा अर्थ आहे ‘आनंदाचं गाव’.

उपचार होतो, हे आधी कळू द्या

हे दुखणं बरं होऊ शकतं. कितीतरी बायकांना हेच माहीत नसतं. ‘देवाची मर्जी’, ‘कोणाची तरी नजर’, ‘आपलं नशीब’ म्हणून त्या वर्षं काढतात.

बाळंतपणानंतर लगेच लघवी झिरपू लागली, तर घरी बसू नये. इजा ताजी आणि लहान असेल तर लघवीची नळी चार ते सहा आठवडे ठेवून, भरपूर पाणी पाजून, काही वेळा ते भोक ऑपरेशनशिवायही बुजतं. तसं झालं नाही तर शस्त्रक्रिया. अनुभवी हातांनी झाली आणि इजा साधी असेल तर दहातल्या नऊ जणींची बुजते. आधी मात्र तिला खाऊपिऊ घालून अंगात ताकद आणावी लागते, रक्त वाढवावं लागतं. ऑपरेशननंतर साधारण दोन-तीन आठवडे नळी असते, काही महिने नवऱ्याने दूर राहायचं असतं, जड ओझं उचलायचं नसतं. आणि पुढचं बाळंतपण दवाखान्यातच, सिझर करूनच व्हायला हवं. हे शेवटचं नवऱ्याला आणि सासूला समजावून सांगणं फार गरजेचं आहे, नाहीतर शिवलेलं पुन्हा फाटतं.

खरं तेही सांगते. सगळ्याच बऱ्या होत नाहीत. भोक बुजल्यावरही काहींना लघवीवर पूर्ण ताबा येत नाही. म्हणून या बायकांना ऑपरेशननंतरही सोबत लागते, व्यायाम शिकवणारं कोणी लागतं, चार पैसे मिळवून देणारं काम लागतं.

सुईणींची नावं

हजारो बायका बऱ्या केल्यावर कोणीही समाधान मानलं असतं. पण हॅम्लिन बाईंच्या लक्षात आलं होतं की एकीकडे आपण शिवतो आहोत आणि दुसरीकडे डोंगरात नव्या मुली रोज अडत आहेत. म्हणून २००७ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी सुईणींचं महाविद्यालय सुरू केलं. खेड्यांतल्याच मुली निवडायच्या, त्यांना पुरतं शिक्षण द्यायचं आणि त्यांच्याच भागात, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या बायकांमध्ये परत पाठवायचं. जे काम करायला त्या १९५९ साली आल्या होत्या, तिकडेच त्या परत वळल्या.

निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात फारोचं नाव दिलेलं नाही. शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावं मात्र दिली आहेत. देवाला भिणाऱ्या या दोघींनी राजाचा हुकूम मोडून मुलं वाचवली. पवित्र शास्त्राने राजाचं नाव सोडलं आणि सुइणींचं ठेवलं, याचा विचार आपण देणगी कशाला द्यायची ते ठरवताना करावा.

शिकलेली सुईण नेमकं काय करते? ती कळा सुरू झाल्यापासूनची वेळ लिहून ठेवते. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, मुलाचं डोकं किती खाली आलं, मुलाच्या हृदयाचे ठोके कसे आहेत, हे एका तक्त्यावर मांडत जाते. त्या तक्त्याला पार्टोग्राफ म्हणतात. बाळंतपण पुढे सरकत नाही हे त्यावर वेळीच दिसतं, आणि बाई अजून बोलती-चालती असतानाच ती तिला मोठ्या रुग्णालयात पाठवते. एक कागद, एक पेन आणि ते वाचता येणारी एक मुलगी.

इथिओपियात २००५ साली शंभरातली जेमतेम पाच बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९ च्या पाहणीत ती ४८ झाली. अजून निम्म्याहून जास्त घरीच होत होती, पण चौदा वर्षांत देश कुठून कुठे आला ते पाहा. तिथे आरोग्य केंद्रांजवळ दिवस भरत आलेल्या बायकांना राहायला घरं बांधली गेली, गावोगाव आरोग्य सेविका नेमल्या गेल्या.

तीन उशीर

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी, बाळंतपणात बायका का दगावतात, याची मांडणी केली. त्यांनी तीन उशीर सांगितले. पहिला उशीर निर्णयाचा: दवाखान्यात न्यायचं की नाही, हे घरात ठरत नाही. दुसरा उशीर वाटेचा: रस्ता नाही, गाडी नाही, पैसे नाहीत. तिसरा उशीर दवाखान्यातला: पोहोचली, पण डॉक्टर नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही. जी बाई या तीन उशिरांतूनही जिवंत राहते, तिच्या वाट्याला ही इजा येते.

हे तीन उशीर ऐकताना तुम्हाला इथिओपिया आठवला का? मला तर आपले पाडे आठवतात.

आपल्याकडे काय

आपल्या देशाने खूप मजल मारली आहे, ती मान्य केली पाहिजे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात झाली, महाराष्ट्रात जवळजवळ ९५. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं आणि ने-आण मोफत, अशी योजना २०११ पासून आहे. आशाताई आहेत, १०८ ची गाडी आहे. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे, तिथे दिवस भरत आलेल्या बाईला आधीच येऊन राहता येतं. अनेकांना ही सोय माहीतच नसते.

पण उरलेल्या पाच कोण? त्या आपल्याच कामाच्या भागातल्या आहेत. पावसाळ्यात नदी उतरत नाही म्हणून झोळीतून नेल्या जाणाऱ्या त्या. आणि याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

फिस्टुला आपल्याकडे आता पूर्वीपेक्षा कमी दिसतो. काही वेळा तो सिझर करताना किंवा गर्भपिशवी काढताना झालेल्या इजेमुळेही होतो. पण बाळंतपणाच्या इजा एवढ्याच नाहीत. अंग बाहेर येणं हे दुखणं आपल्या पाड्यांवर किती आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही. बाळंतपणात ताण पडलेला, मग दहाव्या दिवशी डोक्यावर हंडा, महिन्याने लाकडाची मोळी. गर्भाशय खाली सरकतं. बाई ते हाताने आत ढकलते आणि भातलावणीला उभी राहते.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. त्या अभ्यासाने जगाला दाखवलं की बाई बोलत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा नसतो.

मंडळीने काय करावं

आता मुद्द्याच्या गोष्टी. एकूण पाच आहेत, आणि त्या कोणत्याही मंडळीला करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, लग्नाचं वय. मुलीला अठरा पूर्ण झाल्याचा दाखला पाहिल्याशिवाय आपल्या मंडळीत लग्न लागू नये, आणि साखरपुड्याच्या जेवणालाही कोणी जाऊ नये. पाळकसाहेबांनी हे व्यासपीठावरून सांगावं. ‘आमच्यात चालतं’ हे उत्तर आपण प्रभूपुढे देऊ शकणार नाही.

दुसरी, यादी. प्रत्येक पाड्यावरच्या गरोदर बायांची नावं आणि दिवस भरण्याची तारीख आपल्या बायबल वुमनने आशाताईंकडून घेऊन वहीत ठेवावी. पहिलटकरीण, ठेंगणी, आधी सिझर झालेली, आधी मूल दगावलेली, यांच्यापुढे खूण करावी. त्यांना नवव्या महिन्यातच दवाखान्याजवळ हलवावं, मग ते माहेरघर असो नाहीतर मंडळीतल्या कोणाचं घर.

तिसरी, गाडी आणि पैसे. कोणाची जीप, कोणत्या रात्री, डिझेलचे पैसे कोण देणार, हे कळा सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. सिझर रात्रीही कुठे होतं, तेही आधीच विचारून ठेवावं. जवळचा दवाखाना तोच योग्य दवाखाना असं नसतं. आणि घरातल्या पुरुषांनी एक गोष्ट पक्की मनात धरावी: कळा लागून बारा तास उलटले आणि बाळंतपण झालं नाही, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता निघायचं. मुळात कळा लागल्या की निघालेलंच बरं.

चौथी, विचारणं. महिला सभेत वडीलधाऱ्या बायकांनी हळूच, एकेकीला बाजूला घेऊन विचारावं. लघवी झिरपते का? खोकताना, हसताना होते का? अंग बाहेर येतं का? जी ‘हो’ म्हणेल, तिला पत्ता देऊन पाठवू नका, तिच्याबरोबर जा. आणि जी चर्चला यायची बंद झाली आहे, तिच्या घरी जा. ती देवावर रुसलेली नसेल, कदाचित तिला बाकावर बसायची भीती वाटत असेल.

पाचवी, मुली शिकवणं. आपल्या पाड्यांवर बारावी झालेल्या मुली आता आहेत. एएनएमचं शिक्षण दोन वर्षांचं आहे. तिला तिथली बोली येते, तिला कोणत्या घरात सासूचं चालतं ते ठाऊक आहे, तिला पावसात वाट सापडते. ती शिकून परत आली तर पुढची तीस वर्षं त्या खोऱ्यातल्या बायांना सोबत मिळेल. तुम्ही ख्रिसमसला कपडे वाटता, ब्लँकेटं वाटता, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. या वर्षी त्याबरोबर दोन-चार कुटुंबांनी मिळून एका मुलीची फी आणि वसतिगृहाचा खर्च उचलावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सभा संपल्यावर महिला समितीच्या भगिनींकडे नाव द्यावं.

दरवर्षी २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे प्रसूतीजन्य फिस्टुला संपवण्यासाठी पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, व्हीबीएस चालू असते, मंडळी गावी आलेली असतात. त्या आठवड्याच्या उपासनेत या बायकांसाठी मोठ्याने, दुखण्याचं नाव घेऊन प्रार्थना व्हावी. ज्या बाईने आजवर कोणाला सांगितलं नाही, ती कदाचित मागच्या बाकावर बसून ऐकत असेल. आपल्या दुखण्याला नाव आहे, उपचार आहे, आणि आपली मंडळी त्यापासून तोंड फिरवत नाही, एवढं तिला त्या दिवशी कळलं तरी ती सभेनंतर कोणाकडे तरी येईल. ती आली की तुम्ही थांबा. तुम्हाला कितीही घाई असली तरी थांबा.

प्रभू आपल्या सर्वांना ऐकणारे कान आणि उठून चालू लागणारे पाय देवो. आमेन.